टॉवरमधला पडदा आणि उतरणारे विमान: वाचकांचे प्रश्न

मागील अंकात विमानतळांवरच्या विंड शिअर इशाऱ्यांबद्दल एक पानी टिपण छापले होते. धावपट्टीजवळच्या वाऱ्यातला अचानक बदल रडार हेरते, त्याचा इशारा टॉवरमधल्या कंट्रोलरच्या (विमानांना रेडिओवरून सूचना देणाऱ्या नियंत्रकाच्या) पडद्यावर उमटतो आणि असा पडदा कामाला लावण्याआधी कंट्रोलरांनाच बसवून तपासून घेतात, एवढाच त्याचा मजकूर होता. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच पत्रे आली. काहींची उत्तरे दोन ओळींत संपणारी आहेत, एकदोघांना मात्र सविस्तर उत्तर द्यायलाच हवे.

आमच्या गच्चीवरून नव्या विमानतळावर उतरणारी विमाने दिसतात. वळवाच्या आधी सोसाट्याचा वारा सुटतो त्यालाच विंड शिअर म्हणायचे का? त्यात विमानाचे नेमके काय होते?
– एक वाचक, उलवे

वारा जोराचा असणे म्हणजे विंड शिअर नव्हे. एकाच दिशेने, एकाच वेगाने वाहणारा जोरदार वारा पायलटला सांभाळता येतो. थोड्याच अंतरात वाऱ्याचा वेग किंवा दिशा बदलली की त्याला विंड शिअर म्हणतात. त्यातला सर्वांत घातक प्रकार मायक्रोबर्स्ट. ढगातून थंड हवेचा लोट खाली कोसळतो, जमिनीवर आपटतो आणि बादलीभर पाणी फरशीवर ओतावे तसा चहूबाजूंना पसरतो. उतरणारे विमान त्यात शिरले की आधी समोरचा वारा वाढतो. विमान वर उचलले जाते, वेगाचा काटा चढतो आणि सगळे उत्तम चालले आहे असे वाटून इंजिनाचा जोर कमी केला जातो. पुढच्या काही सेकंदांत वरून दाब येतो आणि लगेच वारा पाठीमागून लागतो. समोरचा २० नॉट गेला आणि पाठचा २० नॉट आला, म्हणजे ४० नॉटचा तोटा झाला. कंट्रोलरच्या भाषेत हाच ‘लॉस’. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी, तेव्हा ४० नॉट म्हणजे ताशी सुमारे ७४ किमी. उतरताना विमानाच्या हातात तेवढा जादा वेग नसतो आणि उंचीही नसते.

मायक्रोबर्स्ट हे नाव आणि हा उलगडा हवामानशास्त्रज्ञ टेत्सुया फुजिता यांचा. २४ जून १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना बोइंग ७२७ कोसळले, त्या अपघाताच्या अभ्यासातून त्यांनी तो मांडला. पसारा ४ किमीच्या आत असेल तर मायक्रोबर्स्ट, त्याहून मोठा असेल तर मॅक्रोबर्स्ट. मायक्रोबर्स्ट जमिनीला टेकल्यापासून विरेपर्यंत क्वचितच पंधरा मिनिटांपेक्षा जास्त टिकतो. पुढच्या सगळ्या उत्तरांत हा पंधरा मिनिटांचा आकडा लक्षात असू द्या.

गच्चीवर तुम्हाला जाणवतो तो बहुधा गस्ट फ्रंट, म्हणजे वादळातून बाहेर पडलेल्या थंड हवेची पुढची कड. १३ मे २०२४ च्या दुपारी धुळीचे लोट उडवत मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईवरून वारा गेला आणि घाटकोपरला होर्डिंग कोसळले, तो दिवस आठवा. गस्ट फ्रंट ओलांडताना विमानाला बहुतेकदा ‘गेन’ मिळतो, म्हणजे समोरचा वारा वाढतो. पण तो पुढे सरकला की धावपट्टीवर वाऱ्याची दिशाच फिरते आणि उतरण्याची बाजू बदलावी लागते. रांगेत आठ विमाने असताना बाजू बदलणे हे कंट्रोलरचे मोठे काम, म्हणून तो येण्याच्या दहा-वीस मिनिटे आधी कळणे मोलाचे.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. रडारचा सुंदर रंगीत नकाशा उपलब्ध असताना टॉवरमधल्या कंट्रोलरला एक रुक्ष अक्षरांची ओळ का देतात? हे मागासलेपण वाटते.
– एक वाचक, वाशी

मागासलेपण नव्हे, तो फार विचारपूर्वक केलेला निर्णय आहे. आमच्या मते या विषयातली सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट हीच.

आधी ती ओळ पाहू. धावपट्टी २६ वर उतरणाऱ्यांसाठी ती अशी दिसेल (पडद्यावर रोमन अक्षरे असतात, इथे देवनागरीत देतो):

२६ए एमबीए ३५के- २एमएफ २५० २०

‘२६ए’ म्हणजे धावपट्टी २६, अरायव्हल. ‘एमबीए’ म्हणजे मायक्रोबर्स्ट अलर्ट. ‘३५के-’ म्हणजे ३५ नॉटचा लॉस. गेन असता तर उणेच्या जागी अधिकचे चिन्ह आले असते. ‘२एमएफ’ म्हणजे दोन मैल फायनल, उतरण्याच्या सरळ वाटेवर धावपट्टीपासून दोन सागरी मैल. शेवटचे दोन आकडे धावपट्टीच्या टोकावरचा वारा: २५० अंशांवरून २० नॉट. कंट्रोलर माइक दाबतो आणि डावीकडून उजवीकडे वाचतो: “रनवे टू सिक्स अरायव्हल, मायक्रोबर्स्ट अलर्ट, थर्टी फाइव्ह नॉट लॉस, टू माइल फायनल, थ्रेशोल्ड विंड टू फाइव्ह झिरो ॲट टू झिरो.” मध्ये काही जुळवायचे नाही, अर्थ लावायचा नाही, मनात गणित करायचे नाही.

आता नकाशा द्या. लाल-हिरवे ठिपके शेजारी आले आहेत, त्यांतला फरक काढा, तो धावपट्टीच्या रेषेवर पडतो का पाहा, मैल मोजा, मग वाक्य तयार करा. हे हवामानशास्त्रज्ञाचे काम झाले आणि कंट्रोलरच्या कानात त्याच वेळी तीन पायलट बोलत असतात. वेळेचा हिशेब करा. १४० नॉटने येणारे विमान एक सागरी मैल सुमारे २६ सेकंदांत कापते. तीन मैलांवर असेल तर धावपट्टी ७७ सेकंदांवर आहे. वरचे वाक्य स्पष्ट म्हणायलाच आठ-दहा सेकंद जातात. नकाशा वाचण्यात वीस सेकंद गेली तर ते विमान जवळजवळ एक मैल पुढे, मायक्रोबर्स्टच्या दारात पोहोचलेले असते.

नकाशाला जागा आहे, पण ती सुपरवायझरच्या टेबलावर. वादळ कुठून येते आहे, अर्ध्या तासात कोणती बाजू वापरायची, हे त्याला ठरवायचे असते आणि त्यासाठी चित्रच लागते. अमेरिकेत टर्मिनल डॉप्लर वेदर रडार (विमानतळाजवळचा वारा मोजणारे खास रडार) घडवताना पायलट, कंट्रोलर आणि संशोधक एकत्र बसले आणि त्यांनी हीच वाटणी केली: कंट्रोलरला ओळ, सुपरवायझरला नकाशा. १९८८ च्या उन्हाळ्यात डेन्व्हरच्या स्टेपलटन विमानतळावर ती प्रत्यक्ष वापरून पाहिली. ११ जुलैला तिथे धावपट्टीच्या वाटेवरच तीव्र मायक्रोबर्स्ट उतरला. एकामागोमाग चार विमाने त्यात सापडली. चारही उतरणे सोडून पुन्हा वर चढली, अपघात झाला नाही.

ओळीबद्दल एक बारकावा, जो प्रशिक्षणात मुद्दाम शिकवावा लागतो. ‘३५’ हा संपूर्ण वाटेवरचा सर्वांत मोठा आकडा आणि ‘२एमएफ’ ही शिअरची पहिली गाठ पडण्याची जागा. दोन्ही एकाच ठिकाणचे असतील असे नाही. “दोन मैलांवर ३५ नॉट” असा अर्थ घेऊन तो टप्पा ओलांडल्यावर निर्धास्त होणारा पायलट फसू शकतो.

संपूर्ण इशारा दिला तरी धावपट्टी बंद का करत नाहीत?
– एक शिक्षक वाचक, ठाणे

इशारा देणे कंट्रोलरचे काम, उतरायचे की नाही हा निर्णय पायलटचा. विमानाचे वजन, उरलेले इंधन, समोर दिसणारे आकाश हे पायलटला माहीत असते. प्रत्यक्षात मायक्रोबर्स्ट अलर्ट ऐकल्यावर शहाणा पायलट थांबतो आणि पंधरा मिनिटे घिरट्या घालणे हे त्यावरचे साधे औषध आहे.

मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गटाने असा इशारा-पडदा तयार केला आहे आणि निवृत्त व सेवेतल्या काही कंट्रोलरांकडून तो तपासून घ्यायचा आहे. चाचणी कशी आखावी? किती जण लागतील? काय मोजावे?
– एक विद्यार्थिनी, घणसोली

पहिली अट: प्रत्यक्ष वाहतुकीवर नाही, ड्युटीवर असताना नाही. खोलीत सिम्युलेटर मांडा. एका टेबलावर कंट्रोलर, दुसऱ्या खोलीत पायलटच्या भूमिकेत दोघे. तुमच्या भूमिकेतल्या पायलटांनी कधी “से अगेन” म्हणावे, कधी दुसऱ्याच्या बोलण्यावर बोलावे. शांत, शिस्तीच्या वाहतुकीत कोणताही पडदा चांगलाच दिसतो.

पडदा दाखवण्याआधी प्रत्येकाला अर्धा-पाऊण तास सराव द्या. तो टाळला तर पहिल्या दोन प्रसंगांत तुम्ही पडद्याची नाही, नवखेपणाची मोजणी कराल. तुलनेसाठी त्यांच्या सवयीचा जुना पडदाही ठेवा आणि क्रम फिरवा: निम्म्यांना आधी जुना, निम्म्यांना आधी नवा. नाहीतर दुसऱ्या खेपेला सगळे सुधारतात आणि श्रेय फुकटच नव्या पडद्याला जाते.

प्रसंग प्रत्येकी वीस ते तीस मिनिटांचे करा आणि घटना कधी येणार याचा अंदाज लागू देऊ नका. एका प्रसंगात लॉस दर मिनिटाला १५, २५, ४० असा चढत जावा. एकात गस्ट फ्रंट यावा आणि धावपट्टीची बाजू बदलावी लागावी. एकात उतरणाऱ्यांना मायक्रोबर्स्ट आणि उडणाऱ्यांना साधा विंड शिअर, म्हणजे एकाच धावपट्टीच्या दोन वेगळ्या ओळी. कंट्रोलर चुकून भलतीच ओळ वाचतो का ते इथे दिसते. एका प्रसंगात काहीच घडू नये. तो कंटाळवाणा वाटेल, पण नसलेला इशारा कोणी ‘पाहिला’ का हे त्यातच कळते.

सीमेवरची घसरण हा प्रसंग अजिबात वगळू नका. १५ नॉटपासून विंड शिअर अलर्ट आणि ३० नॉट किंवा जास्त लॉस असेल तर मायक्रोबर्स्ट अलर्ट, ही विभागणी. आता आकडे लागोपाठच्या मिनिटांत २८, ३१, २९, ३२ द्या. पडद्यावर शब्द तीन वेळा बदलतो, प्रत्येक वेळी घंटी वाजते आणि कंट्रोलर वैतागून तिकडे पाहणे सोडतो. उपाय असा की वर चढताना ३० ला बदलावे, पण खाली उतरवताना आकडा दोन-तीन मिनिटे कमी राहिल्याशिवाय शब्द बदलू नये. घंटी नव्या इशाऱ्याला आणि वाढलेल्या धोक्याला एकदाच वाजावी, दर मिनिटाच्या अद्ययावत आकड्याला नाही.

आणि रिकामी ओळ. शिअर नाही म्हणून ओळ रिकामी आहे, की रडारकडून माहितीच येत नाही म्हणून? दोन्ही वेळा पडदा सारखाच दिसत असेल तर तुमच्या पडद्यात जीवघेणा दोष आहे. प्रसंगाच्या मध्यावर माहितीचा प्रवाह मुद्दाम तोडा आणि कंट्रोलरला ते कळायला किती सेकंद लागतात ते टिपा.

मोजायचे काय? ओळ उमटल्यापासून माइक दाबेपर्यंतचा वेळ. वाक्यातून गळलेला किंवा बदललेला भाग: लॉसच्या जागी गेन, दोन मैलांच्या जागी तीन. पण सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणत्या विमानाला इशारा मिळालाच नाही. हे विमान बहुतेकदा ते असते, जे नुकतेच ॲप्रोचकडून (टॉवरच्या आधी विमान सांभाळणाऱ्या नियंत्रकांकडून) टॉवरच्या फ्रीक्वेन्सीवर आले. इशारा दिला गेला तेव्हा ते ऐकत नव्हते आणि आता कंट्रोलरला वाटते की सांगून झाले आहे. सगळी संभाषणे ध्वनिमुद्रित करा आणि प्रत्येक विमानापुढे खूण करत ऐका. कामाच्या ताणासाठी दर दोन-चार मिनिटांनी १ ते ५ मध्ये आकडा विचारा, प्रसंग संपल्यावर नासा-टीएलएक्सची सहा प्रश्नांची पत्रिका भरून घ्या.

संख्येचे म्हणाल तर बारा ते सोळा कंट्रोलर मिळाले तरी उत्तम. एवढ्या थोड्या माणसांत सरासरीवर फार विसंबू नका. सरासरी चार सेकंद आली आणि एकदा एका विमानाला सांगायचे राहिले, तर अहवालात ते एकदाचे राहणे आधी लिहा. मग त्या कंट्रोलरसोबत बसून तोच भाग पुन्हा लावा आणि त्या क्षणी नजर कुठे होती ते विचारा. दोष काढण्याच्या सुरात विचारलेत तर उत्तर मिळणार नाही. चूक पडद्याची आहे असे धरून विचारा. बहुतेक वेळा ते खरेही असते.

उजेडाची तपासणी वेगळी करा. टॉवरला चारही बाजूंनी काचा. दुपारी तीनला पश्चिमेचे ऊन पडद्यावर येते, रात्री तोच पडदा मंद करावा लागतो. काळ्या पार्श्वभूमीवरची गडद लाल अक्षरे मंद केली की आधी तीच नाहीशी होतात, म्हणजे धोक्याचा रंगच अदृश्य! अक्षरांची उंची डोळ्यापासूनच्या अंतरावर ठरवा: दीड मीटरवरून वाचायचे असेल तर किमान ७ मिमी, निवांत वाचायला ९ मिमी. आणि फरक केवळ रंगाने दाखवू नका. शब्द आणि जागा यांनीही तो कळला पाहिजे.

खारघर आणि पारसिकच्या डोंगरांमुळे आपल्याकडे रडारला अडथळा येत नाही का? मुंबईत हवामान खात्याची रडार आहेतच, त्यांच्यावर भागत नाही का?
– एक वाचक, खारघर

कुलाब्याला एस-बँड आणि वेरावलीला सी-बँड (दोन वेगळ्या तरंगलांबींचे) डॉप्लर रडार आहे. पाऊस आणि वादळ कुठे आहे ते पाहण्यासाठी दोन्ही उत्तम. मायक्रोबर्स्टचे गणित वेगळे. नवी मुंबईचे विमानतळ या दोन्हींपासून २५ ते ३० किमीवर पडते. अर्ध्या अंशाने वर रोखलेला झोत तिथे पोहोचेपर्यंत, पृथ्वीचा गोलावा धरून, रडारच्या पातळीपेक्षा २५०-३०० मीटर वर गेलेला असतो. मायक्रोबर्स्टच्या पसरणाऱ्या वाऱ्याचा जोर जमिनीलगतच्या शंभरेक मीटरांत सर्वाधिक. म्हणजे झोत त्याच्या डोक्यावरून निघून जातो. शिवाय सर्वसाधारण हवामान रडार वेगवेगळ्या कोनांतून फिरून एक फेरी पूर्ण करायला कित्येक मिनिटे घेते. पंधरा मिनिटांत संपणाऱ्या गोष्टीसाठी जमिनीलगतची फेरी दर मिनिटाला हवी. म्हणून विमानतळासाठीचे रडार वेगळे, जवळ आणि बारीक झोताचे असते; अमेरिकी टर्मिनल डॉप्लर रडारचा झोत जेमतेम अर्ध्या अंशाचा आहे.

डोंगर दोन तऱ्हेने त्रास देतात. झोत अडला की त्यामागचे दिसत नाही, आणि डोंगरावरून परतलेला प्रतिध्वनी स्थिर असल्याने तिथे वारा शून्य आहे असा भास होतो. गाळण्या लावून तो काढतात, पण गाळणीत कधी खराखुरा मंद वाराही निघून जातो. आणखी एक मर्यादा भौतिकशास्त्राचीच: डॉप्लर रडारला आपल्याकडे येणारा किंवा दूर जाणारा वाराच मोजता येतो, आडवा नाही. त्यामुळे रडार शक्यतो धावपट्टीच्या रेषेच्या जवळपास बसवणे हिताचे. पायलटला लागतो तोच वारा मग त्याला दिसतो. डोंगरावरून कोरड्या हवेत येणारे धक्के रडारला दिसत नाहीत. हाँगकाँगला डोंगर ओलांडून येणाऱ्या वाऱ्यासाठी २००२ पासून लेझरवर चालणारे लायडार वापरतात. ते मुसळधार पावसात आंधळे होते, म्हणून दोन्ही यंत्रे जोडीने लागतात.

खोटे इशारे फार येतात असे ऐकले. मग कंट्रोलर त्यांच्याकडे दुर्लक्ष करणार नाहीत का?
– एक वाचक, ऐरोली

करतात, हीच खरी भीती. टर्मिनल डॉप्लर रडारची अपेक्षाच अशी ठेवली होती की शंभरातले नव्वद मायक्रोबर्स्ट पकडावेत आणि दिलेल्या शंभर इशाऱ्यांत खोटे दहापेक्षा जास्त नसावेत. खोटे येतात ते पक्ष्यांच्या थव्यांमुळे, डोंगर-इमारतींच्या प्रतिध्वनीमुळे आणि वेगाची मोजणी उलटल्यामुळे. ही उलटापालट समजून घेण्यासारखी आहे. सुमारे ५.३ सेंमी तरंगलांबीचे रडार सेकंदाला ११०० स्पंदने सोडत असेल तर त्याला १४-१५ मीटर प्रतिसेकंदापर्यंतचाच वेग निःसंदिग्ध कळतो. त्यापुढचा वारा उलट्या दिशेचा दिसतो आणि शेजारच्या ठिपक्याशी त्याचा फरक प्रचंड निघतो. हे दुरुस्त करणारी आज्ञावली असते, पण ती कधीकधी फसते.

धावपट्टीभोवती खांबांवर बसवलेल्या वारामापकांचा दोष निराळा: शेजारी इमारत किंवा झाडे वाढली की आडोसा होतो आणि एकच खांब कायम कमी वारा सांगू लागतो. शिवाय खांबांच्या जाळ्याबाहेरचे त्यांना दिसत नाही. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलस-फोर्टवर्थला विमान कोसळून १३७ माणसे गेली. मायक्रोबर्स्ट धावपट्टीच्या अलीकडे, जाळ्याबाहेर होता. खांबांची यंत्रणा वाजली ती अपघात होऊन गेल्यावर.

एक प्रसंग चाचणीत नेहमी ठेवावा: इशारा मिळूनही एक पायलट उतरतो आणि म्हणतो, “काहीच जाणवले नाही.” पुढच्या विमानाला कंट्रोलर इशारा देतो का? द्यायलाच हवा. आधीच्या विमानाला दोन मिनिटांपूर्वी काही जाणवले नाही, यावरून आत्ताचे काहीही सिद्ध होत नाही.

विमानाच्या नाकात स्वतःचे रडार असते ना? मग टॉवरच्या पडद्याची गरज काय?
– एक वाचक, पनवेल

विमानातले रडार फक्त आपल्या नाकासमोरचे, काही मैलांपर्यंतचे पाहते आणि जमिनीजवळ आल्यावरच शिअरचा इशारा देते. दहा मैलांवरच्या विमानाला आताच घिरट्या घालायला लावणे, धावपट्टीच्या तोंडाशी उभ्या विमानाला दोन मिनिटे थोपवणे, हे टॉवरच करू शकतो.

खोलीतली चाचणी उत्तम झाली तर पडदा लगेच वापरात आणतात का?
– एक वाचक, कळंबोली

नाही, आणि आणूही नये. पुढचा टप्पा सावलीचा. पडदा टॉवरमध्ये चालू ठेवतात, पण त्यावरून कोणी इशारा देत नाही. जुनीच पद्धत चालते. आपल्याकडे असे करायचे तर एप्रिल-मेचा वळीव आणि ऑक्टोबरचा परतीचा गडगडाट, दोन्ही त्यात यायला हवेत. भर जुलैत संततधार असते आणि त्यात मायक्रोबर्स्ट क्वचितच हाती लागतो. पडद्यावरच्या प्रत्येक ओळीची वेळ पायलटांनी कळवलेल्या अनुभवांशी आणि धावपट्टीवरच्या वारामापकांशी ताडून पाहतात. त्यासाठी सगळ्या यंत्रणांची घड्याळे सेकंदापर्यंत जुळलेली असावी लागतात. रडारच्या संगणकाचे घड्याळ दीड मिनिट मागे राहिले तर वेळेवरचा इशारा फार आधीचा ठरतो आणि उशिराचा वेळेवरचा. सावलीच्या पहिल्या दिवशी सकाळी सर्वांत आधी घड्याळेच तपासावीत.